पापणीचे कारागीर

देवांची पापणी लवत नाहीं, अशी आपल्या प्राचीन कवींची कल्पना आहे. म्हणून देवांस ‘अनिमिष’ असें नांव पडलें. आणि म्हणूनच स्वयंवराच्या मंडपांत नळाचें रूप धारण करून बसलेल्या देवांमधून खरा नळ निवडून काढणें दमयंतीस शक्य झालें. इतर खुणांबरोबर ज्याची पापणी लवली तोच मनुष्य, हें तिनें ओळखलें. कल्पना मोठी रम्य आहे खरी. परंतु हेंच अनिमिषत्व एखाद्या मर्त्य माणसाच्या वांट्यास आलें, तर तें वर न ठरतां शाप ठरतें. ज्याची पापणी भाजून, तुटून किंवा लुळी पडून मिटेनाशी झाली, त्याचा डोळा प्रथम कोरडा पडतो, मग लाल होतो, पुढें बुबुळावरील पारदर्शक पटलास व्रण पडतात, आणि अखेरीस आंतील सर्व यंत्र शाबूत असतांही दृष्टि जाते. दारें मोडलेल्या घरांत वाऱ्यापुढें दिवा टिकूं नये, तसाच हा प्रकार.

या पापणीचा विचार आपण क्वचितच करतों. मिनिटास सुमारें १५ वेळां ती मिटते व उघडते, आणि प्रत्येक वेळीं अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावर पसरून जाते. दिसावयास ती कातडीची एक साधी घडी. परंतु तिची रचना पाहिली म्हणजे नवल वाटतें. सर्वांत बाहेर शरीरांतील अत्यंत पातळ अशी त्वचा. तिच्या खालीं डोळा मिटविणारा वर्तुळाकार स्नायु. त्याच्या मागें पापणीस ताठपणा देणारी एक चिवट पट्टी. आणि सर्वांत आंत डोळ्यास घांसून फिरणारें ओलसर, गुळगुळीत अस्तर. तुटलेलें नाक नवें करावयाचें तर तें जाग्यावर स्थिर राहिलें कीं पुष्कळ झालें. पापणीचें तसें नाहीं. ती हलली पाहिजे, मिटली पाहिजे. आणि तिचें अस्तर खरखरीत झालें, तर ज्या डोळ्याचें रक्षण करावयाचें त्यालाच ती ओरखडे काढील. अशी पापणी नव्यानें घडविण्याची विद्या माणसानें कोठें, कोणाजवळ व कशा रीतीनें संपादन केली, याचा इतिहास उद्बोधक आहे. आणि त्याचीं दोन टोकें आपल्या पुण्याशीं येऊन मिळतात, म्हणून मराठी वाचकांस तो विशेष जवळचा वाटावा.

पापणीवरील शस्त्रक्रिया आपल्या देशास नवी नव्हे. पापणीचे केस आंत वळून डोळ्यास टोंचूं लागले, तर भुंवईखालील कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा कापून काढावा व कडा केसानें शिवून घ्याव्या, म्हणजे पापणी बाहेर ओढली जाते, असा उपाय सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत सांगितला आहे. तुटलेल्या नाकाकानांची पुनर्घटना करण्याचा विधिही याच ग्रंथांत आहे. पुढें वैद्यांच्या पाठशाळांतून शस्त्र हळूहळू नाहींसें झालें. परंतु तें हातांतून मात्र सुटलें नव्हतें. इंग्रज व टिपू यांच्या १७९२ मधील युद्धांत इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. इंग्रजी वृत्तांतांत त्याचें नांव ‘कावसजी’ असें दिलें आहे. वर्षाहून अधिक काळ तो मनुष्य नाकाशिवाय हिंडला. नंतर पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत तिची सचित्र हकीकत प्रसिद्ध झाली.

ती हकीकत वाचतांना कारागिराच्या बुद्धीचें कौतुक वाटल्यावांचून रहात नाहीं. प्रथम त्यानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून पाहिला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेनें रेघ ओढली. त्या रेघेनें कपाळाची कातडी सोडवून घेतली, परंतु दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी मुळाशीं तशीच ठेवली, कारण तिच्यांतूनच नव्या नाकास रक्त मिळावयाचें होतें. मग तो पदर उलटवून खालीं आणला, आणि पाण्यांत मऊ केलेला कात लावून कडा चिकटविल्या. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें नाक आपल्या जाग्यावर रुजल्यानंतर, मधली पट्टी कापून टाकली. मूळ न तोडतां कातडीचा पदर फिरवावयाचा, तो रुजेपर्यंत धीर धरावयाचा, आणि मगच जुना संबंध तोडावयाचा, हें या विद्येचें बीज होय. पुढील सव्वाशें वर्षांत जें कांहीं झालें, तें याच बीजाचा विस्तार आहे. त्या कारागिराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

बीज विलायतेंत गेलें व तेथें रुजलें. लंडनचे शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यांनीं १८१४ सालीं या हिंदी पद्धतीनें नाकाची शस्त्रक्रिया केली व १८१६ सालीं तिजवर पुस्तक लिहिलें. जर्मनींत हाच विचार नाकावरून पापणीकडे वळला. हॅम्बुर्ग येथील फ्रिके यांनीं १८२९ सालीं नव्या पापण्या घडविण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कपाळाच्या बाजूची कातडी भुंवईवरून खालीं फिरवून पापणीच्या जागीं बसविण्याची त्यांची रीत आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तथापि अशा शस्त्रक्रिया हजारांत एखाद्या रोग्यावर व्हावयाच्या. एका वैद्यानें केलेला प्रयोग दुसऱ्यानें फक्त वाचावयाचा, आणि त्याच्याच चुका पुन्हां स्वतः करावयाच्या, असा क्रम होता. विद्या होती, पण शाळा नव्हती. ती शाळा उघडण्यास दुर्दैवानें एक महायुद्ध लागलें.

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजीं न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथें झाला. लहानपणच्या एका अपघातामुळें त्यांचा एक कोंपर कायमचा ताठ राहिला. तरीही केंब्रिज येथें शिकत असतां ते १९०४ च्या नौकांच्या शर्यतींत विद्यापीठातर्फे वल्हें मारीत होते, आणि पुढें गोल्फच्या खेळांतही त्यांनीं नांव मिळविलें. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत त्यांचें वैद्यकीय शिक्षण झालें. १९१० सालीं ते रॉयल कॉलेजचे फेलो झाले, आणि कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य म्हणून लंडनमध्यें त्यांचा जम बसला. पापणीशीं किंवा चेहऱ्याच्या पुनर्घटनेशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. आणि तो जोडून देणारा गुरुही त्या वेळीं इंग्लंडांत कोणी नव्हता.

१९१५ सालीं रेड क्रॉसतर्फे ते फ्रान्सला गेले. तेथें त्यांची नेमणूक व्हालादिये नांवाच्या एका दंतवैद्यावर देखरेख करण्यासाठीं झाली. व्हालादिये फुटलेले जबडे मोठ्या हुशारीनें जुळवीत असे. जो देखरेखीसाठीं गेला तोच शिष्य झाला. पुढें पॅरिसला जाऊन गिलीज यांनीं मोरेस्तँ या प्रसिद्ध शस्त्रवैद्यास चेहऱ्यावरील कर्करोगाचें व्रण काढून त्या जागीं मानेची कातडी बसवितांना पाहिलें. त्या एका दर्शनानें त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. परंतु दुसऱ्या खेपेस ते तेथें गेले, तेव्हां त्यांस शस्त्रक्रियागृहाचें दार बंद झालेलें आढळलें. गिलीज यांनीं स्वतः जी शाळा पुढें काढली, तिचें दार सर्वांसाठीं उघडें राहिलें, ही गोष्ट येथेंच लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९१६ च्या आरंभीं ऑल्डरशॉट येथील लष्करी रुग्णालयांत चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांसाठीं त्यांनीं एक विभाग सुरू केला. असे रोगी नेमके आपल्याकडे यावे म्हणून त्यांनीं पदरचे दहा पौंड खर्चून आपला पत्ता छापलेल्या चिठ्ठ्या तयार करविल्या व त्या युद्धखात्याकडे पाठवून दिल्या. त्याच वर्षीं सोमची लढाई झाली. दोनशें जखमींची अपेक्षा होती, तेथें दोन हजार आले. जागा पुरेना, म्हणून १९१७ च्या ऑगस्टमध्यें सिडकप येथें ‘क्वीन्स हॉस्पिटल’ उघडण्यांत आलें, आणि तेथें पांच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. रोग्यांच्या खोल्यांतून आरसे ठेवावयाचे नाहींत, असा नियम होता. रुग्णालयाकडून गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कांहीं बांकें निळ्या रंगानें रंगविलेलीं असत. त्यांवर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकूं नये, अशी ती गांवकऱ्यांस सूचना होती. ज्याचा पाय गेला त्यास वीर म्हणून मान मिळे. ज्याचा चेहरा गेला त्यावरून लोकांची नजर बाजूला वळे. यावरून या शस्त्रवैद्यांपुढील कार्य केवळ मांसाचें नव्हतें, हें ध्यानांत येईल.

१९१६ सालीं मे महिन्याच्या अखेरीस जटलंडचें आरमारी युद्ध झालें. तोफांच्या दारूचा भडका उडून अनेक खलाशांचे चेहरे भाजले. भाजलेल्या जखमेवर जी नवी कातडी येते ती आकसते. आणि आकसतांना सर्वांत मऊ जो अवयव, म्हणजे पापणी, त्यास ओढून उलटा करते. अशा माणसास डोळे मिटून झोंप घेणें अशक्य होतें. ‘वॉरस्पाइट’ या युद्धनौकेवरील वॉल्टर यो याच्या पापण्या या युद्धांत नाहींशा झाल्या होत्या. १९१७ सालीं गिलीज यांनीं छातीवरील कातडीचा मुखवट्यासारखा मोठा पदर वर नेऊन त्याच्या डोळ्यांभोंवतीं बसविला. ‘मलाया’ या नौकेवरील व्हिकरेज या खलाशाची अवस्थाही अशीच होती. ३ ऑक्टोबर १९१७ रोजीं त्याच्या छातीवरून चेहऱ्याकडे पदर नेत असतां गिलीज यांस असें दिसलें कीं, पदराच्या दोन्ही मोकळ्या कडा आपोआप आंत वळत आहेत. त्या कडा एकमेकींस शिवून टाकल्या तर? पदराची नळी झाली. कच्चें मांस आंत झांकलें गेलें, जंतूंचा शिरकाव थांबला, आणि रक्ताचा प्रवाह सुरक्षित राहिला. प्रतिजैविक औषधें येण्यापूर्वींच्या त्या काळीं या साध्या युक्तीनें असंख्य पदर कुजण्यापासून वांचविले.

मात्र एवढ्यानें पापणीचा प्रश्न सुटला नाहीं. छातीची कातडी जाड. पापणीस ती ओझें होते. तेव्हां उलटलेल्या पापणीसाठीं गिलीज यांनीं दुसरी रीत बसविली. केसांच्या रांगेजवळ छेद घेऊन आकसलेली पापणी मोकळी करावयाची. दंतवैद्य वापरतात त्या मेणासारख्या पदार्थाचा साचा तिच्या खोबणींत बसेल असा करावयाचा. त्यावर अत्यंत पातळ कातडीचें कलम गुंडाळून तो आंत शिवून टाकावयाचा. आणि कांहीं दिवसांनीं साचा काढून घ्यावयाचा. कलम आकसणार हें गृहीत धरून कातडी मुद्दाम गरजेहून अधिक द्यावयाची. पुण्याच्या कारागिराचा मेणाचा पत्रा आणि हा मेणाचा साचा यांतील साम्य पाहून मन क्षणभर थबकतें.

याच सुमारास, या कशाचीही वार्ता नसतां, ओडेसा शहरांत व्लादीमिर फिलातोव्ह हे नेत्रवैद्य त्याच वाटेनें चालले होते. ९ सप्टेंबर १९१६ रोजीं, म्हणजे गिलीज यांच्या आधीं वर्षभर, त्यांनीं एका रोग्याची खालची पापणी अशाच नळीदार पदराच्या साह्यानें नव्यानें केली, आणि १९१७ सालीं ती पद्धति रशियन नेत्रवैद्यकाच्या मासिकांत प्रसिद्ध केली. युद्धामुळें ती वार्ता लंडनला पोंचली नाहीं. नळीदार पदराचा पहिला मान कोणास, हा वाद येथें गौण आहे. महत्त्वाचें हें कीं, एक जण घशाचा वैद्य, दुसरा डोळ्याचा. आणि दोघांसही हा शोध आपल्या ठराविक विषयाची मर्यादा ओलांडल्यावरच लागला.

गिलीज यांचें खरें मोठेपण शोधापेक्षांही शिकविण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. चित्रकार हेन्री टाँक्स हे मूळचे शस्त्रवैद्य. त्यांच्याकडून गिलीज यांनीं रोग्यांचीं शस्त्रक्रियेपूर्वींचीं व नंतरचीं रंगीत चित्रें काढून घेतलीं, प्रत्येक टप्प्याचीं टिपणें ठेविलीं, आणि १९२० सालीं चेहऱ्याच्या पुनर्घटनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत यशाबरोबर फसलेले प्रयत्नही दाखविले आहेत. सिडकपला कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका येथील डॉक्टर येऊन शिकून गेले. जें आज करण्याची निकड नाहीं तें उद्यांवर टाकण्यांत कमीपणा नाहीं, हें त्यांच्या शिकवणुकीचें एक सूत्र होतें. घाईनें फिरविलेला पदर मरतो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. १९३० सालीं त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षीं त्यांचे आप्त आर्चिबाल्ड मॅकिंडो इंग्लंडांत आले व त्यांच्या हाताखालीं तयार झाले. दुसऱ्या महायुद्धांत विमानांतील पेट्रोलच्या ज्वाळांनीं भाजलेल्या तरुण वैमानिकांस मॅकिंडो यांनीं ईस्ट ग्रिनस्टेड येथें पापण्या, नाकें आणि हात परत दिले. नाकओठांपूर्वीं पापण्या, हा तेथील क्रम होता. कारण बाकीचें कांहीं काळ थांबूं शकतें, उघडा डोळा थांबूं शकत नाहीं.

हळूहळू पापणीचा स्वतंत्र शस्त्रवैद्य निर्माण झाला. अमेरिकेंतील वेंडेल ह्यूजेस यांनीं १९३७ सालीं वरच्या पापणीची आंतली चिवट पट्टी अस्तरासह खालीं सरकवून खालची पापणी घडविण्याची रीत सांगितली. तींत डोळा कांहीं आठवडे शिवून बंद ठेवावा लागतो. ग्लासगोचे जॉन मस्टार्डे हे मूळचे नेत्रवैद्य. दुसऱ्या महायुद्धांत ते टोब्रुक येथें पकडले गेले व युद्धकैदी झाले. नंतर त्यांनीं प्लॅस्टिक सर्जरी आत्मसात केली, आणि १९६६ सालीं नेत्रपरिसराच्या पुनर्घटनेवरील आपला ग्रंथ लिहिला. डोळा झांकण्याचें मुख्य काम वरची पापणी करते, म्हणून खालच्या पापणीसाठीं तिला खर्ची घालूं नये, गालाची कातडी फिरवून आणावी, असा त्यांचा आग्रह. उतारवयांत त्यांनीं घाना देशांत अक्रा येथें या विद्येचें केंद्र उभें करण्यास हातभार लावला. १९६९ सालीं अमेरिकेंत या शाखेची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आज आपल्याकडील तरुणास हा मार्ग धरावयाचा तर वैद्यकीय पदवीस साडेपांच वर्षें, नेत्रवैद्यकास तीन वर्षें, आणि त्यावर एखाद्या अनुभवी गुरूच्या हाताखालीं एकदोन वर्षें घालवावीं लागतात.

आतां या इतिहासाचें दुसरें टोक. गिलीज यांच्या शिष्यांत मुंबईचे डॉ. नोशीर अँटिया हे एक होते. विलायतेंतून परत आल्यावर त्यांनीं धनिकांच्या सुरकुत्यांकडे न वळतां पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांत काम आरंभिलें, आणि पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरोगांत चेहऱ्याची नस निकामी झाली म्हणजे पापणी मिटत नाहीं. डोळ्याची संवेदनाही कमी झालेली असल्यामुळें धूळ टोंचल्याचें रोग्यास कळत नाहीं, आणि तो नकळत आंधळा होत जातो. ज्याचे हातपाय आधींच बधिर, त्याची दृष्टि गेली तर त्यास जगाशीं जोडणारें राहिलें काय? अशा पापण्यांवर एक उपाय आहे. चावण्याच्या कामीं येणाऱ्या, कानशिलावरील स्नायूचा एक भाग सोडवून त्याच्या दोऱ्या पापण्यांत गुंफावयाच्या. लुळ्या चेहऱ्यासाठीं या स्नायूचा उपयोग गिलीज यांनीं १९३४ सालीं वर्णिला होता. हिंदुस्थानांतील शस्त्रवैद्यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं तो मोठ्या प्रमाणावर योजिला. शस्त्रक्रियेनंतर रोग्यानें दांत आवळले कीं डोळा मिटतो. म्हणजे येथें शिक्षण केवळ वैद्याचें नव्हे. जन्मतः येणारी पापणी मिटण्याची क्रिया रोग्यासही आरशापुढें बसून पुन्हां शिकावी लागते.

पुण्याजवळील एका विटा भाजणाऱ्याच्या हातांतून निघालेली विद्या लंडन, हॅम्बुर्ग, सिडकप असा प्रवास करीत दीडशें वर्षांहून अधिक काळानें पुण्याजवळच एका बहिष्कृत रोग्याच्या डोळ्यापाशीं परत आली, ही घटना अभिमानाची आहे कीं विषादाची, हें ज्याचें त्यानें ठरवावें. प्राचीन काळीं सर्व कांहीं आमच्याकडे होतें, एवढें म्हणून समाधान मानणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे: होतें, तर तें शिकावयास कोणास मिळत होतें? कारागिराजवळ हात होता, पण लेखणी नव्हती. शास्त्र्यांजवळ सुश्रुताची पोथी होती, पण तिच्यांतील शस्त्र हातीं धरण्याची इच्छा नव्हती. दोघेही एकाच शहरांत रहात असतील. परंतु एकमेकांच्या दारीं ते कधीं गेले नाहींत. गिलीज यांच्याजवळ त्या कारागिराहून अधिक कुशल बोटें होतीं, असें म्हणण्यास आधार नाहीं. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, दंतवैद्यापासून चित्रकारापर्यंत ज्याच्याजवळ जें शिकण्याजोगें होतें तें शिकून घेतलें, आणि शिकलेलें लिहून ठेवून दुसऱ्यास दिलें. विद्येच्या दृष्टीनें उघडझांप करणारी पापणी निरोगी. कायमची मिटलेली पापणी आणि नसलेली पापणी यांचा शेवट सारखाच, अंधार.